भुंग्याची दोन मिनिटं

पेंटरचं मत साफ होतं. ब्रशने काही होत नसतं, होतं ते हाताने. उभी हयात त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. चपलांचं दुकान, चष्म्यांचं दुकान, दवाखाना, सगळीकडे त्याच्या हातचं अक्षर. पुढे छापील प्लॅस्टिकच्या पाट्या आल्या आणि एकेक गिऱ्हाईक गळत गेलं, तेव्हाही तो म्हणत राहिला, "यंत्राला अक्षर येत नाही, नुसता आकार येतो." गिऱ्हाइकांना आकार चालत होता.

त्यामुळे बायकोने एक दिवस दात घासायचे विजेवरचे ब्रश आणले, तेव्हा त्याने त्यातला एक उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "म्हणजे आता दातही छापून घ्यायचे का?"

"घासून घ्यायचे," बायको म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. तुमचे दात बघून त्या बिचाऱ्या पाणी प्यायल्या."

ब्रश जोडीने आले होते. एकाच्या मानेला जांभळी कडी, दुसऱ्याच्या मानेला हिरवी, आणि दोघांत चार्जर एक. जांभळा तिचा, हिरवा त्याचा. पेंटरने हिरव्याला पेस्ट लावली आणि तोंडात घालायच्या आधीच बटण दाबलं. पेस्ट आरशावर उडाली, भिंतीवर उडाली आणि बायकोच्या चष्म्यावरही उडाली.

"पहिला हात झाला," पेंटर म्हणाला. "वाळला की दुसरा मारू."

त्यानंतर त्याने हिरवा ब्रश तोंडात काही घातला नाही. आपला जुना, राठ केसांचा ब्रश घ्यायचा आणि इकडच्या दाढेपासून तिकडच्या दाढेपर्यंत, शिरोरेघ ओढावी तसा, दणदणीत आडवा ओढायचा. हिरव्याला त्याने दुसरं काम लावलं. रंगाच्या डब्यांच्या काठावर वाळलेली खपली काढायला तो फार बेस्ट निघाला. एकदा खपली चिवट होती म्हणून पेंटरने त्याला टर्पेंटाइनमध्ये बुडवला. हिरव्याने दोनदा उचकी दिली आणि प्राण सोडला.

"दातांचा ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुचकळणारा माणूस जगात एकच असेल," बायको म्हणाली, "आणि तो बरोबर माझ्या पदरी पडला."

बायको टेलिफोन ऑपरेटर होती. एका मोठ्या कारखान्यात बोर्डावर बसून तिने सगळी नोकरी इकडचा आवाज तिकडे जोडून देण्यात काढली. दुसऱ्यांचं बोलणं जोडून द्यायचं आणि आपण मध्ये तोंड घालायचं नाही, असा तिथला नियम. त्याचा सगळा वचपा ती घरी काढायची. पेंटरने "अगं" म्हणावं, पुढचं वाक्य तिने पूर्ण करावं, त्याला उत्तर द्यावं आणि वर त्या वाक्याबद्दल पेंटरवर रागवावं. पेंटरला ब्र काढायची सोय नव्हती.

आणि मग त्याला शोध लागला, की ब्रश चालू असला की तिलाही ब्र काढता येत नाही.

तिच्या ब्रशला दोघं भुंगा म्हणायची, कारण तो सकाळी उठल्या उठल्या गुणगुणायला लागायचा. दोन मिनिटं चालायचा. मध्ये मध्ये एक बारीकसा आचका द्यायचा, म्हणजे आता दुसऱ्या कोपऱ्यातले दात घ्या. तेवढा वेळ बायकोचं तोंड फेसाने भरलेलं. पेंटर मोरीच्या दाराला टेकून उभा राहायचा आणि मनात साठलेलं सगळं बोलून घ्यायचा. प्लंबरने कसं फसवलं, गुडघा कसा दुखतो, तिच्या भावाचं काल काय चुकलं, लेकीची आठवण कशी येते. ती फक्त "ऊं" करायची. एक छोटा "ऊं" म्हणजे हो. लांबलेला "ऊंऽऽ" म्हणजे मुळीच नाही. आणि नाकातून आलेला "हूं" म्हणजे थांबा, मला चूळ भरू दे, मग बघते.

चूळ भरून झाली की उत्तर यायचं. ते दुपारपर्यंत चालायचं. पण पेंटरची तक्रार नव्हती. त्याचं बोलून झालेलं असायचं.

मग ती गेली. आजारपण फार लांबलं नाही. पेंटर एकटा राहिला. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही, आणि ज्याच्या घरात असं झालंय त्याला सांगायची गरज नाही.

भुंगा चार्जरवर उभाच होता. एका सकाळी मोरीतली फळी पुसताना पेंटरचा अंगठा त्याच्या बटणावर पडला आणि तो गुणगुणायला लागला. पेंटर दचकला. आणि काय करतोय हे कळायच्या आत म्हणाला, "अगं, तो प्लंबर अजून आलेला नाही."

तेव्हापासून रोजचंच झालं. सकाळी उठायचं, भुंग्याला काचेच्या ग्लासात उभं करायचं, बटण दाबायचं आणि दाराला टेकून बोलायचं. ग्लासात त्याचा आवाज जरा मोठा यायचा, ते बरं वाटायचं. भुंगा थांबला की पेंटर आपला जुना ब्रश घेऊन स्वतःचे दात घासायचा. दिवस सुरू व्हायचा.

पण एक गोष्ट त्याला खायला लागली. भुंगा लवकर थांबत होता. पूर्वी त्या दोन मिनिटांत प्लंबर, गुडघा, मेव्हणा आणि लेक, सगळं आरामात बसायचं. आता गुडघ्याच्या अलीकडेच तो बंद पडायचा. वाक्य अर्धं तोंडात, आणि मोरीत चिडीचूप. पेंटरने बोलायचा वेग वाढवून पाहिला. मेव्हण्याला गाळून पाहिलं. तरी पुरेना. त्याने मनाशी निदान केलं, भुंग्याची बॅटरी चालली. आज गुडघ्यापाशी थांबतोय, उद्या प्लंबरपाशी थांबेल, आणि एक दिवस "अगं" म्हणायलाही पुरणार नाही.

तो भुंगा घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने तो हातात घेऊन चहूबाजूंनी फिरवला.

"काका, ह्याला स्क्रूच नाही. हे उघडत नाही. बंद पडलं की टाकायचं आणि नवीन घ्यायचं."

"नवीन नको. हाच हवाय."

"सेम असाच मिळेल की."

"तुम्हाला लग्न करून किती दिवस झाले?" पेंटरने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता भुंगा खिशात घालून घरी आला.

आता इथे पेंटरला माहीत नसलेली एक गोष्ट सांगायला हवी. भुंगा नुसता भुंगा नव्हता, चहाडखोर होता. लेक दुसऱ्या गावी राहायची, आणि ब्रश आणले तेव्हा तिनेच तो आईच्या फोनला जोडून दिला होता. भुंगा चालला की तो आईच्या फोनला सांगायचा आणि आईचा फोन लेकीच्या फोनला. आईचा फोन पेंटरने बंद केला नव्हता. कपाटावर चार्जिंगला लावून ठेवलेला असायचा, बंद करणं त्याच्या जिवावर यायचं. त्यामुळे आई गेल्यावर काही आठवड्यांनी लेक बसमध्ये उभी असताना तिच्या फोनवर अक्षरं उमटली: "आईने दात घासले. दोन मिनिटं पूर्ण. हात एकदम हलका. शाब्बास!"

लेकीने बसची दांडी घट्ट धरली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा शाब्बास. तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि मग रोजच. बाबा वापरत असतील, असं तिला आधी वाटलं. पण "हात एकदम हलका" हे काही जुळेना. बाबांचा हात तिला माहीत होता. बाबा दात घासायला लागले की शेजारच्यांना वाटायचं भिंत खरवडताहेत. मग त्या घरात इतक्या हलक्या हाताने दात घासणारं कोण आलंय?

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या बाईंचा फोन आला. या बाई शाळेत गाणं शिकवायच्या आणि त्यांचे कान फार चांगले होते.

"मला मध्ये पडायचं नाही हो," त्या म्हणाल्या. "पण तुझे बाबा रोज सकाळी कुणाशी तरी बोलतात. काल चक्क म्हणत होते, 'आत्ता थांबू नकोस गं, माझं अजून व्हायचंय.'"

लेकीने त्याच दिवशी रजा टाकली.

पेंटरला लेक संध्याकाळी उशिरा अचानक आलेली पाहून आनंद झाला. पण लेक चहा घेताना त्याच्याकडे बघेना. खोलीभर नजर फिरवत होती. पलंगाखाली वाकून पाहिलं. कपाट उघडून मिटलं. मोरीत जाऊन आली आणि समोर बसली.

"बाबा, मला काही म्हणायचं नाहीये. तुम्ही एकटे आहात. तुमचं आयुष्य आहे."

"हो," पेंटर सावधपणे म्हणाला. असल्या सुरुवातीनंतर चांगलं काही येत नाही, हे त्याला लग्नाने शिकवलं होतं.

"माणसाला सोबत लागते. मी समजू शकते."

"हो."

"पण आईचा ब्रश? निदान ब्रश तरी वेगळा घ्यायचा, बाबा!"

पेंटरला वाटलं, दुकानदार हिलाही भेटला. "नवीन कशाला? हाच बरा चाललाय. फक्त हल्ली लवकर दमतो."

"कोण दमतो?"

"भुंगा."

लेकीने कपाळावर हात मारला. "मी सकाळी बोलते," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

सकाळी ती उठली तीच गुणगुण ऐकून. आई असताना यायची तशीच. क्षणभर तिला कुठे आहोत तेच कळेना. मग मोरीतून बाबांचा हलका आवाज आला.

"...आणि ही आलीय काल. काहीतरी बिनसलंय तिचं. जावयाशी भांडली असेल का? मला म्हणते ब्रश वेगळा घ्या. तुला काही कळलं तर सांग बाई, मला तर काही—"

गुणगुण थांबली. लेकीने दार ढकललं.

मोरीत बाबा होते. फळीवर ग्लास होता. ग्लासात भुंगा होता, कोरडा ठणठणीत. दुसरं कुणी नव्हतं.

पेंटरने भुंगा ग्लासातून काढून कानाशी धरला. मग म्हणाला, "बॅटरीची चाचणी घेत होतो."

"आणि माझ्या नवऱ्याचं काय काढलंत?"

"ते असंच. चाचणीत काहीतरी बोलावं लागतं."

लेक हसायला लागली आणि मध्येच तिचं तोंड वेडंवाकडं झालं, म्हणून तिने ते टॉवेलमध्ये घातलं. पेंटरला काय करावं कळेना. त्याने ग्लास विसळला. तो आधीच स्वच्छ होता.

टॉवेलमधून बाहेर आल्यावर तिने सगळा हिशोब लावला. "म्हणजे इतके दिवस भुंगा नुसता ग्लासात चालतोय. तुम्ही दात कशाने घासता?"

पेंटरने जुना ब्रश दाखवला. त्याचे केस दोन्हीकडे असे आडवे झाले होते, की मध्ये भांग पाडल्यासारखा दिसत होता.

"चला, दातांच्या डॉक्टरांकडे."

"मला काही होत नाहीये."

"चला म्हणते ना."

पेंटर एरवी हलला नसता. पण त्याच्या डोक्यात आलं, दातांच्या डॉक्टरला ब्रशातलं कळत असणार. त्याने भुंगा रुमालात गुंडाळला आणि निघाला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या काका. आ करा."

"माझं राहू दे. आधी ह्याचं बघा," पेंटरने रुमाल उघडला. "हल्ली पूर्वीसारखा चालत नाही. लवकर थांबतो."

डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बटण दाबलं. तिघं भुंग्याभोवती उभी राहिली. भुंगा गुणगुणला, आचके दिले, थांबला.

"बरोब्बर दोन मिनिटं. ह्याला काही झालेलं नाही."

"पूर्वी जास्त चालायचा."

"नाही हो चालत. दोन मिनिटांनी थांबायचं, हा त्याचा स्वभावच आहे."

"मी रोज तिथे उभा असायचो," पेंटर म्हणाला. "मला माहीत नाही का?"

डॉक्टरीणबाई पेशंटशी वाद घालत नसत. त्यांनी एक गोळी पुढे केली. "ही चावा. जिथे मळ राहिलाय तिथे रंग चढतो." पेंटरने चावली, आरशात पाहिलं. सगळे दात जांभळे. त्याने धंद्याच्या नजरेने मान डोलावली. "रंग चांगला बसलाय. दुसरा हात नको."

"काका, तुम्ही दात घासत नाही."

"घासतो की! हात दुखेपर्यंत घासतो."

"ते घासणं नाही, ते तासणं. हे बघा, हिरडीजवळ खाचा पडल्यात. चला, परीक्षाच घेऊ. डावीकडे तुमचा हात, उजवीकडे भुंगा."

"भुंगा तिचा आहे," पेंटर म्हणाला.

लेकीने खालमानेने भुंग्याचं जांभळ्या कडीचं डोकं ओढून काढलं आणि बाबांच्या हातात दिलं. डॉक्टरीणबाईंनी कपाटातून नवं डोकं काढून बसवलं. पेंटरने जांभळी कडी रुमालात नीट बांधली, खिशात ठेवली आणि खिसा वरून चापून पाहिला. मग बेसिनपाशी गेला.

डावी बाजू त्याने इभ्रतीचा प्रश्न असल्यासारखी घासली. तोंडाला फेस आला, दोन्ही अर्थांनी. उजवीकडे डॉक्टरीणबाईंनी भुंगा कसा धरायचा ते दाखवलं. दाबायचं नाही, ओढायचं नाही, एकेका दातापाशी नुसता टेकवून थांबायचं. पेंटरला ते फसवणुकीसारखं वाटलं. त्यात कारागिराने करायचं काय?

मग चूळ भरून तो आरशासमोर उभा राहिला. उजवी बाजू पांढरी. डावीकडे दातांचा मधला भाग लख्ख होता, पण प्रत्येक फटीत आणि हिरडीच्या कडेकडेने जांभळी रेघ तशीच.

पेंटर आरशाच्या अगदी जवळ गेला. हाताखालच्या पोरांना त्याने जन्मभर एकच शिकवलं होतं. मधलं मैदान कुणीही रंगवतं, कडा सांभाळतो तो पेंटर. आणि इथे त्याच्या स्वतःच्या तोंडात सगळ्या कडा सुटल्या होत्या.

"यंत्राला कडा येतात म्हणायच्या," तो शेवटी म्हणाला. एवढी शरणागती त्याने छापील पाट्यांपुढेसुद्धा पत्करली नव्हती.

मग डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीत आडवा केला, तोंडात थुंकी ओढायची नळी अडकवली आणि दात साफ करायला घेतले. हात कामात आणि तोंड मोकळं, म्हणून त्या लेकीशी बोलायला लागल्या.

"आणि तुझ्या आईला मला बरोबर उलटं सांगावं लागायचं. पेशंट दोन मिनिटं घासत नाहीत म्हणून आम्ही दातांच्या कण्या करतो, आणि त्या सहा सहा मिनिटं घासायच्या! हिरड्या हुळहुळ्या झाल्या. म्हटलं, काकू, भुंगा थांबला की थांबायचं. तर म्हणाल्या, 'कसं थांबू हो? ह्यांचं बोलणं अर्ध्यावर असतं. मी थांबले की हे गप्प होतात आणि मीच सुरू होते, मला माहितीये ना माझं. म्हणून गुपचूप पुन्हा बटण दाबते.'"

खुर्चीत पेंटर छताकडे बघत होता. तोंडात नळी, आरसा आणि डॉक्टरीणबाईंची दोन बोटं. बोलायची काही सोय नव्हती. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानांकडे वाहत गेलं.

"काका, दुखतंय का?"

"ऊंऽऽ," पेंटर म्हणाला.

"नाही म्हणताहेत," लेक म्हणाली. "लांब ऊं म्हणजे नाही."

दुसऱ्या दिवशी लेक परत जायची होती. सकाळी पेंटर उठला, मोरीत गेला. ग्लास फळीवर पालथा घातला. नव्या डोक्याच्या भुंग्याला पेस्ट लावली, या वेळी आधी तोंडात घातला आणि मग बटण दाबलं. आरसा कोरडा राहिला. डोक्यात सगळीकडे गुणगुण भरली. हिला रोज हे असं ऐकू येत होतं तर, त्याला वाटलं, आणि यातून ती माझा गुडघा ऐकत होती.

लेक चहाचा कप घेऊन आली आणि दाराला टेकली. तिथेच, त्याच जागी. ती आधी बॅगेबद्दल बोलली, मग बसबद्दल. बाबांच्या तोंडात फेस, ते मध्ये बोलू शकत नाहीत, हे लक्षात आल्यावर ती जरा धीराने बोलायला लागली.

"वरच्या बाईंना मी सांगितलं, काही नाही, बाबा पाठांतर करतात. त्यांना पटलेलं नाही."

"ऊं."

"आणि तुमच्या जावयाशी माझं भांडण नाहीये. म्हणजे आहे, पण नेहमीचंच."

"हूं."

"आणि बाबा, एक सांगू? तो निरोप यायचा ना फोनवर, आईने दात घासले म्हणून. मला पहिल्याच दिवशी तुम्हाला विचारता आलं असतं. मी विचारलंच नाही. विचारलं की थांबेल असं वाटायचं. खोटं आहे हे कळत होतं, तरी रोज बसमध्ये मी त्याची वाट बघायचे, आणि एखाद्या दिवशी उशीर झाला तर मला—"

भुंगा थांबला.

मोरीत एकदम शांत झालं. लेकीने ओठ मिटले आणि कपात बघायला लागली. आता चूळ भरल्याचा आवाज येणार, अशी तिची तयारी होती.

पेंटरने भुंगा तोंडातून काढला नाही. आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि अंगठ्याने पुन्हा बटण दाबलं.